चाळीस पायऱ्या

दिवस उगवला तो कांस्यवर्णी. सूर्य वर आला होता, पण उन्हात तेज नव्हतं, नुसता ताप होता. बाली बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या ज्वालामुखी पर्वताने कंठापर्यंत मेघ पांघरले होते. पायथ्याशी मात्र थेंब नव्हता. तिथे होता निःशब्द, निर्वात, निश्चळ उजेड.

त्या उजेडात भाताची खाचरं पायरी पायरीने दरीत उतरत होती. कुठे कोवळं, कुठे पोटरीला आलेलं, कुठे लोंबीच्या भाराने वाकलेलं पीक. प्रत्येक बांधाच्या कडेने पाणी वाहत होतं. मंद, अखंड, आज्ञाधारक.

पाणी आज्ञाधारक असतं तोवर त्याच्याइतकं सुंदर काही नसतं.

या उजेडातून एक पांढरी मोटार वळणं घेत चढत होती. मागच्या आसनावर होते सांगलीचे श्रीपाद मांगलेकर आणि त्यांची पत्नी कुमुदिनी. श्रीपादरावांनी तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. मुलांच्या हातात रंग दिले होते, आणि आता त्यांच्याच डोळ्यांतून रंग निघून चालले होते. काचबिंदूने दृष्टीच्या कडा कुरतडत आणल्या होत्या. समोरचं दिसे, तेही नळीतून पाहावं तसं. बाजूचं दिसत नसे, पायाखालचं दिसत नसे. मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि, जे पाहायचं ते यंदा पाहून घ्या, एवढंच म्हटलं.

म्हणून हा प्रवास. म्हणून गर्दीची बस टाळून दिवसभरासाठी ही स्वतंत्र गाडी, हा स्वतंत्र वाटाड्या. मला घाईने दाखवू नका, एवढीच श्रीपादरावांची अट होती.

वाटाड्याचं नाव नेंगाह. पस्तिशीचा, रुंद चेहऱ्याचा, मोडक्या इंग्रजीत हळू बोलणारा. गाडीच्या काचेपाशी त्याने नारळीच्या पात्याच्या इवल्या द्रोणात ताजी फुलं ठेवली होती. कुमुदिनीबाईंना तो 'इबू' म्हणे. इबू म्हणजे आई. श्रीपादरावांना पायाखालचं दिसत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच उतरणीवर ते त्याच्या ध्यानात आलं, आणि मग प्रत्येक थांब्यावर त्याचा हात त्यांच्या कोपराखाली न बोलता, न दाखवता येऊन राहिला.

पहिला धबधबा माणसांनी भरलेला होता. दुसरा बारीक, लाजरा, नेच्यांच्या पडद्याआडून उतरणारा. मग आली खाचरं.

तिथे श्रीपादराव तासभर बसले. आपल्या अरुंद गवाक्षातून त्यांनी ती दरी तुकड्या तुकड्याने पाहिली. एक बांध, मग दुसरा, मग तिसरा. दानाने वाढलेलं अन्न माणूस कण न सांडता खातो, तसं. आणि ते हळूच बोलत राहिले. हा दुर्वांचा हिरवा. हा कारल्याचा. हा शेवाळाचा. हा पोपटाच्या मानेचा.

"या एकाला नावच नाही, कुमुद," ते म्हणाले.

कुमुदिनीबाई तिकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर वर होती, पर्वताच्या झाकलेल्या मुखावर. त्या कृष्णाकाठच्या. पूर येण्याआधी प्रकाशाला कसा पितळेचा वास सुटतो, ते त्यांच्या अंगाला माहीत होतं.

दरी जिथे आवळत जाऊन घळ होते, तिथे तिच्या तोंडाशी, नदीकाठी, नेंगाहचा बाप उभा होता. उघडा, काटक, कपाळाला पांढरं फडकं बांधलेला. सांगलीकडे ज्याला दारं धरणं म्हणतात, ते त्याचं काम. साऱ्या गावाचं पाणी त्याच्या हातातलं. नदीतून पाटात पाणी घेणारं जड लाकडी दार तो चाळीस वर्षं उघडत होता, मिटत होता. त्याने पाहुण्यांना हात जोडले, पण त्याचेही डोळे पर्वताकडेच होते. तो मुलाशी दोन वाक्यं बोलला.

नेंगाहने ती सांगितली. वर पहाटेपासून पाऊस कोसळतो आहे. घळीतला तिसरा धबधबा आज नको.

कुमुदिनीबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. त्या वळल्या, आणि त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला.

श्रीपादराव रागावले नाहीत, हट्टाला पेटले नाहीत. उद्या परतीचं विमान होतं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांना सांग, पुन्हा येईन असं म्हणायला माझ्याकडे डोळे उरलेले नाहीत."

नेंगाहने बापाला ते सांगितलं. म्हातारा जवळ आला. विहिरीत डोकावून पाण्याचा ठाव घ्यावा तसा तो श्रीपादरावांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिला. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलला.

"लवकर जा म्हणतात," नेंगाह म्हणाला. "बघा, आणि लगेच फिरा. बाबा दाराशी आहेत."

घळीत उतरायला दोनशेच्या वर पायऱ्या होत्या. ओल्या, शेवाळलेल्या, उंच. दोन्ही अंगांना कृष्णकाळे कातळ, कातळांवर मुळांच्या जटा, जटांमधून झिरपणारा अंधुक हिरवा प्रकाश. श्रीपादराव एकेक पायरी पायाने चाचपत, मनात मोजत उतरले. भर दुपारी तिथे संध्याकाळ होती. आभाळ वर एका चिंधीएवढं उरलं होतं.

आणि मग तो दिसला.

शुभ्र, विराट, वेगमत्त. सत्तर हात उंचीवरून तो कुंडात कोसळत होता, आणि कोसळता कोसळता त्याचं धुकं होत होतं. श्रीपादरावांनी मान वर केली. त्यांच्या नळीएवढ्या दृष्टीत केवळ शुभ्रता मावली. पण त्या शुभ्रात निळा होता, राखाडी होता, शिंपल्याचा गुलाबी होता. ते तोंड उघडून पाहत राहिले, सात वर्षांच्या मुलासारखे. तुषारांनी भिजलेल्या गालांवर अश्रू वेगळे ओळखू येत नव्हते.

किती वेळ गेला, कुणी मोजला नाही.

"कुमुद," श्रीपादराव म्हणाले, "आवाज उतरला."

कुमुदिनीबाईंना तो भास वाटला. पण श्रीपादरावांचे कान आता डोळ्यांचं काम शिकू लागले होते, आणि ते खरं सांगत होते. प्रपाताची गर्जना गर्जना राहिली नव्हती. तिची कुजबुज झाली होती. पाहता पाहता पाण्याचा पडदा फाटला, विरला, त्याचे दोरे झाले. दोऱ्यांच्या मागे काळा कातळ उघडा पडला, वर्षानुवर्षं उजेड न पाहिलेला, ओला, नग्न. घळ गप्प झाली.

सुंदरच दिसत होतं ते. नेंगाहचा चेहरा मात्र राखेचा झाला होता.

वर कुठेतरी दरड पडली आहे, पाणी तिच्यामागे अडलं आहे, हे त्याने तुटक शब्दांत सांगितलं. थांबलेलं पाणी म्हणजे येऊ घातलेलं पाणी, हे त्याच्या बापाचं वाक्य होतं. ते बोलून होईतो त्याने श्रीपादरावांना पायऱ्यांशी आणलंही होतं.

फोन घळीत मुका होता. त्याने तो खिशात टाकला आणि तो वाकला. श्रीपादरावांचं पाऊल स्वतःच्या हाताने उचलून त्याने पायरीवर ठेवलं. मग दुसरं पाऊल, दुसरी पायरी. मागून कुमुदिनीबाई नवऱ्याच्या पाठीला हात लावून चढत होत्या. तिघांचा श्वास एका लयीत, आणि त्या लयीखाली ती शांतता. वाट पाहणारी, दबा धरलेली, भरत चाललेली.

अर्ध्या वाटेवर कातळाला एक कंगोरा होता. तिथून एक निसरडी पायवाट कड्याच्या अंगाने घळीच्या तोंडाकडे जात होती. पाटाच्या दाराकडे. बापाकडे.

तिथे नेंगाह एक श्वासभर थांबला.

"बापा!" त्याने हाक मारली. बालीतही बापाला बापच म्हणतात. हाक कातळावर आपटली, फुटली, आणि घळीने ती गिळून टाकली. उत्तर आलं नाही.

मग त्याने मान खाली घातली, आणि पुन्हा श्रीपादरावांचं पाऊल उचललं.

कुमुदिनीबाईंनी ते पाहिलं. ती वाट कुठे जाते हे त्यांना कळलं होतं. दाराशी कोण उभं आहे हे माहीत होतं. यांना मी नेते, तू जा, एवढेच शब्द हवे होते. ते जिभेवर आलेही होते. पण वर उरलेल्या पायऱ्या उंच होत्या, आणि हात दोनच होते, साठी उलटलेले. नवऱ्याच्या पाठीचा ओला सदरा त्यांच्या तळव्याखाली थरथरत होता.

एक पायरी. त्या गप्प राहिल्या.

दहा पायऱ्या. त्या गप्प राहिल्या.

वीस. तीस. नेंगाह प्रत्येक पायरीला एकदा मागे पाही, आणि प्रत्येक वेळी ती वाट थोडी लहान झालेली असे. त्या ते पाहत होत्या, आणि गप्प होत्या.

मग त्यांच्या आत काहीतरी तुटलं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "यांना मी नेते."

"इबू..."

"जा."

तो गेला. उतरला नाही, कोसळलाच. पायऱ्यांवरून कंगोऱ्यावर, कंगोऱ्यावरून त्या निसरड्या वाटेवर. हिरव्या अंधाराने त्याची पाठ पुसून टाकली.

कुमुदिनीबाई वाकल्या. लग्नाच्या पस्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या पावलांना अनेकदा हात लावला होता. आज पहिल्यांदा ते पाऊल त्यांनी वजनासकट उचललं. ठेवलं. उचललं. ठेवलं. गुडघे सोलले, नखं फुटली.

आधी आला वारा. चिखलाचा, तुटल्या मुळांचा, फुटल्या पृथ्वीच्या पोटाचा वास घेऊन आला. मग पायऱ्या हलल्या. आणि मग ते आलं.

त्याला पाणी म्हणवत नव्हतं. तांबडं, जाड, वृक्ष आणि शिळा खांद्यावर घेतलेलं, ते प्रपाताच्या माथ्यावरून झेपावलं आणि कुंड, काठ, पायऱ्या एका घोटात गिळत घळीतून धावत सुटलं. पाहता पाहता कंगोरा दिसेनासा झाला. तुषार नव्हे, चिखल उडाला, आणि वरच्या पायरीवर कातळाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या दोन म्हाताऱ्या देहांना त्याने एकाच रंगात रंगवलं.

ते वाचले. माथ्यावर पोचले तेव्हा गावातली लाकडी घंटा वाजत होती. अखंड, कोरडी, घाबरलेली.

खाली नदीकाठची खाचरं उरली नव्हती. त्या साऱ्या पायऱ्यांची एकच सपाट, तांबडी भूमी झाली होती. पण पाटाच्या पलीकडची गावाची सारी शेतं तशीच हिरवी उभी होती, लोंब्या खाली घालून. पाटात पुराचा थेंबही शिरला नव्हता.

उन्हं कलताना नेंगाह चढण चढून वर आला. छातीपर्यंत चिखलाने माखलेला, एका पायात चप्पल नसलेला. कंगोऱ्यापुढे वर चढत गेलेल्या कड्याच्या वाटेने तो पुराच्या चार हात वर राहिला होता. त्याने आधी श्रीपादरावांकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"सर पोचले," तो म्हणाला. "बरं झालं."

मग तो सांगू लागला, एकाच सुरात, पाण्याकडे पाहत.

"दार लागलेलं होतं, इबू. मी पोचलो तेव्हा दार लागलेलं होतं. बाबा नव्हते."

एवढं सांगून तो वळला. खाली बांबूच्या बेटाशी माणसं गोळा होत होती. उजेड असतानाच तिथे म्हातारा सापडला. चार जणांनी त्याला बांधावर आणून ठेवलं, त्याच्याच कपाळाच्या फडक्याने चेहरा झाकला. नेंगाह त्याच्या उशाशी बसला. चिखलाचा बाप, चिखलाचा मुलगा. दुरून दोघे वेगळे दिसत नव्हते.

मांगलेकर पतिपत्नी माथ्यावरच्या दगडावर बसून राहिली. श्रीपादरावांना एवढ्या लांबचं, एवढ्या मावळत्या उजेडातलं दिसत नव्हतं. काय दिसतंय ते सांग, असं ते म्हणाले. कुमुदिनीबाईंनी सगळं सांगितलं; काहीही न वगळता, रंगासकट. मग त्या थांबल्या.

"त्याला मी उशिरा सोडलं," त्या म्हणाल्या. "ती वाट मला दिसली होती. तो बापाला हाक मारून थांबला, तेव्हाच सोडायला हवं होतं. मी गप्प राहिले."

पायऱ्या मोजायची सवय श्रीपादरावांना गेल्या वर्षभरात लागली होती; ज्याला पायाखालचं दिसत नाही, तो मोजतो.

"चाळीस पायऱ्या," ते म्हणाले. "मी मोजत होतो, कुमुद. हाक मलाही ऐकू आली होती."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लपायला जागा शोधणारं काही नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. तो थंड होता, दगडासारखा थंड, आणि त्यांचा स्वतःचाही तसाच होता.

दुसऱ्या दिवशीचं विमान त्यांच्यावाचून उडालं. अग्नी दिला त्या दिवशी ती दोघं गावकऱ्यांच्या मागे, अनवाणी, चालत गेली. नंतर एका सकाळी त्यांनी नेंगाहला बसवून ते सारं सांगितलं. त्याने ऐकलं. क्षमेचा शब्द त्याच्या ओठांवर आला नाही, दोषाचाही आला नाही. तो उठला, आत गेला, आणि त्या दोघांसाठी पाणी घेऊन आला.

पण ते नंतरचं. त्या सायंकाळी अजून काही सांगितलं गेलं नव्हतं. त्या सायंकाळी पर्वताचे मेघ विरले, आणि त्याचं उघडं, निर्विकार मुख तांबड्या उजेडात दिसू लागलं. पूर ओसरला नव्हता. तो नुसता पसरला होता, रुंद, मंद, निद्रिस्त. कुणाची तरी बदकं बांधावरून रांगेने आली. रोजच्या खाचराच्या जागी क्षणभर घोटाळली. मग एकेक करून पाण्यात उतरली, आणि बुडालेल्या पिकावरून, बुडालेल्या बांधांवरून, त्या अथांग सपाट तांबड्यावरून शांतपणे पोहत गेली. पलीकडे, अंधाराकडे, एकामागून एक, एकामागून एक.