मुतलकच्या बागेतला बर्फ

बुसैनाने अंगणात उभं राहून आधी मोजदाद केली. दगडी कुंपणाच्या आत सफरचंदाची झाडं नऊ. वाऱ्याने साचलेल्या बर्फात आरशांपर्यंत बुडालेला पिकअप एक. दाराशी बुटांचे जोड चौदा. आणि कुंपणापासून लांब, मोकळ्यावर, पांढरी रंगवलेली, बर्फ मोजायची फळी एक. तिने फळीभोवती फिरून पाहिलं. वारा अडून बर्फ साचेल असं जवळपास काहीच नव्हतं. जागा निर्दोष होती. तिने ओठ आवळले.

शोबकच्या डोंगरावर एका दिवसरात्रीत पडलेल्या बर्फाचा विक्रम चौऱ्याऐंशी सेंटिमीटरचा. हाजी मुतलकने एक्क्याण्णव कळवले होते आणि पडताळणीला हवामान खात्याने तिला पाठवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, खलफने, शहाण्णव कळवले होते. तेव्हा पडताळणीला हाच मुतलक आला होता. खलफ हौसेपायी दर तासाला फळी मोजून साफ करत होता. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा फुगीर असतो, पडून राहिला की आपल्याच भाराने दबतो. दबायच्या आत पुन्हा पुन्हा मोजला तर बेरीज फुगते. म्हणून नियम आहे, दिवसरात्रीत जास्तीत जास्त चार वेळा. पण मुतलकने हे कुणालाच समजावलं नव्हतं. भर बैठकीत त्याने एक शब्द फेकला आणि तो हसला. त्यानंतर खलफ कुणाच्या लग्नालाही गेला नाही.

"अगं पोरी, आत ये! बर्फ काय पळून जातोय?" मुतलकने दारातून हाक मारली.

बैठकीत शेगडीभोवती म्हातारे दाटीवाटीने बसले होते. पाहुण्याचं घराणं आल्या आल्या विचारायचं नसतं, त्यामुळे ती कोणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुतलकने स्वतः कॉफीचा कप तिच्या हातात दिला.

"नीट तपास गं बाई," एक बोळका म्हातारा म्हणाला. "नाहीतर खलफचा बर्फ निघायचा!"

सगळे खदखदून हसले. या भागात कुणी थाप मारली की असंच म्हणत. बुसैनाने हातातला कप बोटांनी घट्ट धरला.

"हाजी, वादळात या वयात बाहेर जायचं म्हणजे कमाल आहे," ती म्हणाली. "एखादी मोजणी चुकली असेल की."

"चुकेल? माझी?" मुतलकने छाती पुढे काढली. "वादळात लोक दोन नमाज एकत्र उरकतात. मी एकही एकत्र केली नाही. नमाज झाली की फावडं घ्यायचं आणि फळीकडे जायचं. मोजायचं, साफ करायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत, पाचही वेळा!"

"पाचही वेळा?"

"अल्लाची शपथ, पाचही वेळा. हे सगळे साक्षीला आहेत."

माना डोलल्या. बुसैनाने कप न पिता समोर ठेवला.

सगळ्यांच्या नजरा कपाकडे वळल्या. कॉफी खाली ठेवणारा पाहुणा काहीतरी मागायला आलेला असतो आणि मागणं ऐकायच्या आधीच यजमानाने कबूल व्हायचं असतं.

"पी लेकी," मुतलक जरा बुचकळ्यात पडून म्हणाला. "मागशील ते दिलं."

"बावीस वर्षांपूर्वी, फळी जास्त वेळा साफ केली म्हणून तुम्ही एका माणसाला एक शब्द बोलला होतात. तोच शब्द सगळ्यांना ऐकू येईल असा पुन्हा बोला. मी खलफची मुलगी."

शेगडीतला निखारा फुटला. मुतलकने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. बोटं हळूहळू मिटत गेली. पहाट, दुपार, तिसरा प्रहर, सांज, रात्र. अंगठ्यापाशी येऊन तो थांबला.

"खोटारडा," तो म्हणाला.

"नियमात किती वेळा बसतं, हाजी?"

"चार."

बोळक्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "म्हणजे काय? सांग की गं सरळ, आमचा हाजी खोटं बोलला का?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती सकाळपासून, खरं तर लहानपणापासून वाट पाहत होती. उत्तर ओठांवर तयार होतं. मुतलकने मान खाली घातली, जणू मार चुकवायचा नाही असं ठरवलं होतं. बुसैनाच्या डोळ्यांसमोर दर तासाला कंदील घेऊन फळीकडे जाणारा बाप आला. तिने कप उचलला आणि गार झालेली कॉफी एका घोटात गिळली.

"मोजणी नियमाबाहेर गेली," ती म्हणाली. "आता बागेतल्या न हललेल्या बर्फाची खोली घ्यायची. तीच धरतात. चौऱ्याऐंशीच्या वर गेली तरच विक्रम."

तिने आकडे कोरलेली मोजणीची काठी उचलली, पण मुतलकने पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतली. बुटांचे बंद न बांधताच तो बाहेर पडला. झाडांच्या मधोमध, जिथे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, तिथे तो मांड्यांपर्यंत रुतत गेला. मागोमाग सगळे दारात येऊन उभे राहिले. नांगरलेल्या मऊ मातीत काठी वीतभर खाली सहज गेली असती आणि आकडा तेवढा वाढला असता. मुतलकने ती हलक्या हाताने उतरवली, जमिनीला टेकताच थांबवली. अंगठ्याने आकड्यांवरचा बर्फ पुसला, वाकून पाहिलं, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने वाचलं.

"एकोणऐंशी."