मापाला उभी

जुन्या शहराच्या कमानी, मनोरे, वेशी यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. त्यावरून पुढे नकाशे काढतात, म्हणून दाराशेजारी मापाला माणूस लागतो. वीस वर्षं तिथं माझी बायको उभी राहिली. उंची बरोब्बर पाच फूट. अंगात निळा स्वेटर. पाय दुखले तरी हूं की चूं नाही. आणि मी आपला कॅमेऱ्यामागून खेकसत असायचो, ‘मागे सर. अजून मागे. कळत नाही का?’

गेल्या वर्षी ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं.

यंदा दहा वेशी उरल्या होत्या. एकटाच गेलो, मापाला दाराशी लाकडी पट्टी टेकवली, नऊ उरकल्या. काढलेले फोटो तपासायची ती. मी न बघताच पाठवून दिले.

दोन दिवसांनी नकाशेवाल्याचा फोन आला. माणूस नवा, तिला जुन्या फोटोंतूनच ओळखायचा; ती गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

‘अहो, पट्टी आणि वहिनी, दोन दोन मापं कशाला? बरं, जुळत तरी कुठं आहेत? पहिल्या वेशीत ठीक. मग दर फोटोत वहिनी मागे मागे. नवव्यात तर पार आत, अंधारात, बोटाएवढ्या.’

मी फोन ठेवला. मग फोटो उघडले. होती. नऊच्या नऊ फोटोंत होती. जन्मभर ऐकलं तेच अजून ऐकत होती. अगं, मेल्यावर तरी माझं कशाला ऐकायचं?

भीती वाटली. पण ती दिसली म्हणून नव्हे. दहाव्या वेशीत ती दिसेनाशी होणार, म्हणून. काम सोडून द्यावं असंही मनात आलं. पण मग ती तिथेच अंधारात ताटकळत राहिली असती, माझ्या पुढच्या हुकमाची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दहाव्या वेशीसमोर कॅमेरा लावला. आसपास चिटपाखरूही नव्हतं. 

‘पुढे ये,’ मी म्हणालो. ‘अजून पुढे. चुकलं माझं. ये.’

आणि बटण दाबलं. हाही फोटो न बघताच पाठवला, धीरच झाला नाही.

संध्याकाळी नकाशेवाला वैतागून फोनवर. ‘अहो, यात दार कुठाय? फोटोभर नुसती निळी लोकर. लेन्सला काय चिकटलं होतं?’

‘बायको आहे ती,’ मी म्हणालो. ‘तो फोटो राहू द्या माझ्याकडे. दाराचा पट्टी लावून उद्या पुन्हा काढून देतो.’