म्हशीच्या कानातला बिल्ला

म्हैस खड्ड्यात लोटायच्या आधी आत्यानं तिचा दोर सोडला, गळ्यातली घंटा काढली आणि विळ्याच्या टोकानं कानातला पिवळा बिल्लाही कापून घेतला. मेलेलं जनावर बांधलेलं पुरायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. बिल्ला विमा कंपनीनं ठोकलेला, पण आत्याच्या लेखी तेही बंधनच.

"वहिनी, तो राहू द्यायचा की," दीर म्हणाला.

"आयुष्यभर राबली. आता तरी मोकळी जाऊ दे तिला."

तिथंच घात झाला. पंधरवड्यानं कंपनीचा तपासनीस आला.

"बिल्ला कानात नाही, तर मेली ती विम्याचीच कशावरून?"

"हा काय, हातात आहे की माझ्या."

"हातात कुणीही धरेल, बाई."

"माझ्या दारात दुसरं जनावर कधी होतं का, ते शेजारी विचारा."

त्यानं विचारलं नाही. महिन्यानं पत्र आलं आणि दिरानं वाचून दाखवलं. बिल्ला फसवणुकीसाठी काढला, सबब भरपाई नामंजूर. दुधावर चालणारं घर तर बसलंच होतं. पण दुधात कधी पाण्याचा थेंब न घातलेल्या बाईला लबाड म्हटलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. गावालाही तेवढंच हवं होतं. नळावरच्या बायका म्हणाल्या, "आत्या दिसते तशी साधी नाही हो."

जनावरांच्या डॉक्टरनं वाट दाखवली. "आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. नाही ऐकलं, तर विमा लोकपालाकडं जा. तिथं वकील लागत नाही."

कंपनीनं ऐकलं नाहीच, तेव्हा आत्यानं लोकपालाकडं अर्ज दिला. निकालाची वाट बघत आत्या वर्षभर दुसऱ्यांच्या रानात खुरपत राहिली. सुनावणीला लोकपालांनी फाईल चाळली आणि एक फोटो वर धरला. डॉक्टरनं मेलेली म्हैस तपासताना काढलेला. बिल्ला कानात, आकडा स्पष्ट.

"हा तुमच्याच फायलीत आहे," ते कंपनीच्या माणसाला म्हणाले. "पाहिला नाहीत?"

भरपाईचा हुकूम झाला.

कंपनीच्या कचेरीत कारकुनानं कागद पुढं सरकवला. दिरानं वाचला, 'माझं पूर्ण समाधान झालं असून माझी कसलीही तक्रार उरलेली नाही.'

"मी लबाड नव्हते, एवढं लिहाल का त्यात?" आत्यानं विचारलं.

"छापील कागद आहे, मावशी. अंगठा दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत."

समाधान तिच्यापाशी औषधालाही नव्हतं. पण गोठा रिकामा होता. तिनं अंगठा उठवला. एवढ्या प्रकरणात आत्यानं केलेली लबाडी ती तेवढीच, आणि ती मात्र कंपनीनं शिक्का मारून खरी मानली.