गुलाबी सरकी

रुमालावर चार बिया उरल्या होत्या. सतरंजी झटकल्यावर दोन सापडल्या. सुलक्षणाने कामिनीपुढे मोजून दहा ठेवल्या होत्या.

तिने पुन्हा मोजल्या. चार आणि दोन.

कामिनी सात वर्षांची. फळ्यावरचा आकडा विचारला की ती ओठ घट्ट मिटायची. हातात वस्तू दिली की बोटं चालायची. म्हणून सुलक्षणाने वर्गाला घरून बिया आणायला सांगितल्या होत्या. बाकीच्यांनी चिंचोके आणले, कामिनीने कपाशीची सरकी, गुलाबी रंगाची. धुळे शहरात वाढलेल्या सुलक्षणाला वाटलं, घरच्यांनी हौसेने रंगवली असेल.

शेजारच्या वर्गातून आलेल्या योगेंद्र सरांनी एक बी नखाने खरवडली.

“मॅडम, हे पेरणीचं बी आहे. पाकिटातलं उरलेलं. याला कीडनाशक लावलेलं असतं.”

कामिनीच्या खालच्या ओठावर गुलाबी डाग होता.

सरांनी दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“उलटी करवू नका,” डॉक्टर म्हणाले. “तोंड धुवा आणि लगेच घेऊन या. किती गिळल्या?”

“चार असतील.”

“असतील नको. तिला विचारा.”

खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. कामिनीचं तोंड धुताना पुटपुटल्या, “वरीसभर बोलनी नई ही पोर. आते काय बोली?”

“कामिनी, किती गिळल्यास? सांग ना!” सरांचा आवाज चढला.

कामिनीचे ओठ मिटले.

सुलक्षणा खाली बसली. तिने मूठभर चिंचोके पुढे सरकवले.

“जेवढ्या तोंडात घातल्यास, तेवढे इथे ठेव. सावकाश.”

कामिनीने एक ठेवला. दुसरा. तिसरा. सर मोटारसायकलची किल्ली मुठीत धरून उभे होते. दुसऱ्या हातातला फोन सुरूच होता.

चौथा ठेवून तिने हात मागे घेतला.

“चार,” सर म्हणाले. “चला.”

“थांबा,” सुलक्षणा म्हणाली.

कामिनीचा हात पुन्हा पुढे आला होता. तिने त्या चारांतला एक चिंचोका उचलून ओठांजवळ नेला, थू केल्यासारखं केलं आणि तो खिडकीच्या दिशेला, बाकीच्यांपासून लांब ठेवला.

सुलक्षणा खिडकीपाशी गेली. फरशीच्या फटीत एक बी अडकली होती. अजून ओली.

तिने सरांच्या हातातला फोन घेतला.

“तीन,” ती म्हणाली.