शेवंतीची लोकर

सरस्वतीने खरारा उन्हाकडे धरून पाहिला. दातांत तीन-चार पांढरे केस, बस. तिने पुन्हा शेवंतीच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत खरारा दाबून ओढला. पुन्हा पाहिला. तितकेच.

"अगो, घोडी हाय का मेंढी ही?" कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या यशोदाबाईने विचारले. "चैत सरला नि हिच्या अंगावर अजून गोधडी."

"गळतील. औंदा उशीर झालाय इतकंच."

"आनि तू तवर अळनीच खानार?"

सरस्वतीने खरारा कुंपणावर आपटून झटकला. शेवंतीचे थंडीचे केस उतरेपर्यंत मीठ सोडते, असे होळीच्या दिवशी तिने आपल्या करावे या गावच्या गावदेवीपुढे बोलून ठेवले होते. बोललेले मागे घेण्याची तिची रीत नव्हती.

पावसाळ्यात आयाळीला खोबरेल चोळून वेण्या घालायच्या, म्हणजे ओल्या हवेत गुंता होत नाही. दिवाळीनंतर अंगावर मऊ, दाट केस फुटतात, ते फुटू द्यायचे. शिमगा झाला की खराऱ्याने ते उतरवायचे, शेपटीला मेंदी लावायची आणि घोडी लग्नसराईला उभी करायची. हे सगळे तिला नवऱ्याने, गोटीरामने शिकवले होते. शेते नव्या शहरात गेली तेव्हा गावात सगळ्यांनी मोबदल्यातून मजले चढवले. गोटीरामने वरातीची घोडी आणली. लोक हसले होते. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि घोडीचा दोर सरस्वतीच्या हातात आला.

या वर्षी केस उतरलेच नाहीत. उलट पोटाखाली ते कुरळे होऊन लोंबू लागले. भर दुपारी सावलीत उभी असूनही शेवंतीचे अंग घामाने निथळायचे आणि बरगड्या भात्यासारख्या हलायच्या.

बेलापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपले, त्या कुरळ्या केसांत बोटे घालून मुळापर्यंत तपासले.

"म्हातारी झाली, बाई. डोक्यात एक गाठ वाढते या वयात. ऋतू बदलला हे तिच्या शरीराला कळतच नाही आता. त्याला अजून थंडीच वाटतेय."

"औषध?"

"आपल्याकडे मिळत नाही. सगळे केस कापून टाका. मान, पोट, पाय, सगळं. मग उन्हाळा काढेल. या लोकरीत वरातीला नेलीत तर रस्त्यातच बसेल."

डॉक्टरांना हे सांगणे सोपे होते. संध्याकाळी नंदकुमार बायकोला घेऊन घोडी पाहायला आले. नेरूळच्या सोसायटीत राहणारे, सरकारी नोकरीतले गृहस्थ. त्यांच्या मुलाचे, केयूरचे, लग्न शुक्रवारी होते. त्यांच्या पत्नीने, वैजयंतीबाईंनी शेवंतीच्या मानेवरून हात फिरवला.

"अगंबाई, किती मऊ आहे हो. फोटोत छान दिसेल."

"उन्हाचा तरास होतोय तिला," सरस्वती हळूच म्हणाली. "केस जरा बारीक केले तर चालंल का?"

वैजयंतीबाईंनी हात मागे घेतला. "नाही हं, मावशी. मागे आमच्या भाच्याच्या लग्नात अशीच भादरलेली घोडी आली होती. सुतकातल्या माणसासारखी दिसत होती. सासूबाई अजून बोलून दाखवतात."

ते गेल्यावर मुलाने, धनेशने, स्कूटर उभी केली. तो बेलापूरच्या एका ऑफिसात शिपाई होता, आणि वरातीच्या दिवशी रजा घेऊन लगाम धरायचा.

"आये, सरळ सांगतो. ही सराई तिनं केली, तर र्‍हाऊ दे. नायतर टेम्पोवाला सांगून गेलाय. पागेच्या जागेवर दोन खोल्या निघतील. तुझी सून दुसऱ्यांदा पोटुशी हाय, आमी कुठं झोपायचं?"

"टेम्पोवाला नेतो कुठं?"

"घाटावर. वीटभट्टीवर."

"या अंगानं भट्टीवर? दोन दिस नाय काढायची ती."

"मना काय हौस हाय का?" धनेश ओरडला नाही, म्हणून ते जास्त लागले. "बाबांची घोडी ती. पन कधीतरी माझं बी बघ ना."

त्यात खोटे काही नव्हते. केस कापले तर वरात जाणार आणि घोडीही जाणार. नाही कापले तर तिचा जीव जाणार. दिव्यात तेल घालताना सरस्वतीने देवीकडे नेहमीसारखे काही मागितले नाही. मागायचे कोणते, हेच तिला कळेना.

शुक्रवारी पहाटे तिला मार्ग सुचला. वरातीत घोडीवर जरीची झूल असते. ती पाठ, बरगड्या आणि पोटाचा बराच भाग झाकते. झुलीखालचे कोणाला दिसणार? तिने शिलाईची मोठी कात्री घेतली. चार दोरे बांधून झुलीच्या कडा नीट आखून घेतल्या आणि त्या चौकटीच्या आतले केस कापायला बसली. धनेश उठायच्या आत पोट, बरगड्या, पाठ मोकळी झाली. मान, छाती, पाय तसेच केसाळ. वर झूल टाकली तेव्हा तिला वाटले, जमले. हा आपला शहाणपणा नव्हे, देवीने सुचवले. तिने मनातल्या मनात हात जोडले.

वरात अकराला निघाली. बारा पस्तीसचा मुहूर्त होता आणि हॉल तीन सेक्टर लांब. धनेशच्या हातात लगाम, बँड पुढे. सरस्वती सगळ्यांच्या मागे, पाण्याची बादली घेऊन. विधवेने वरातीत पुढे यायचे नसते, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. ती आपणहून अंतर ठेवून चालायची.

पहिल्या चौकापर्यंत शेवंती नीट चालली. तिथे पोरे नाचायला थांबली. वर सावली नाही, खाली तापलेले डांबर. जाड जरीची झूल, तिच्याखाली घोंगडी, त्यावर केयूर. सरस्वतीला मागून शेवंतीचे मागचे पाय दिसत होते. त्यांवरून घामाचे पाणी वाहत खुरांपर्यंत येत होते. अंग मोकळे केले, पण त्याला वारा लागेल कुठून? वर झूलच होती. एवढी साधी गोष्ट तिला पहाटे सुचली नव्हती.

दुसऱ्या गाण्याला शेवंतीचा मागचा डावा पाय मुडपला. ती सावरली. पुन्हा मुडपला.

"अरे, घोडीपण नाचायला लागली," कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

सरस्वतीने पदर खोचला. ती वरातीच्या मधून, करवल्यांच्या, फोटोग्राफरच्या मधून वाट काढत पुढे आली. "बाबा, उतर खाली," ती केयूरला म्हणाली. "पडंल ती."

"आये, मागं जा," धनेश दातांवर दात ठेवून म्हणाला.

"उतर रे बाळा."

तिच्या आवाजात काय होते कोण जाणे, नवरदेव उतरला. सरस्वतीने पट्टा सोडला आणि झूल घोंगडीसकट रस्त्यावर ओढून टाकली. बादलीतले पाणी तिने शेवंतीच्या पाठीवर ओतले.

बँड थांबला. मधोमध कात्रीने ओबडधोबड कापलेली, चारही बाजूंनी लोकर लोंबणारी ती घोडी सगळ्यांनी पाहिली. वैजयंतीबाईंच्या सासूबाई मागच्या गाडीतून उतरून पुढे आल्या होत्या. त्यांनी एकदा घोडीकडे पाहिले, एकदा सरस्वतीच्या मोकळ्या कपाळाकडे, आणि तोंडाला पदर लावला.

"फसवलंत तुम्ही आम्हांला," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "असं काय केलंत हो, मावशी? आजच्या दिवशी?"

"चुकलं माझं, ताई," सरस्वती म्हणाली. खरेच चुकले होते. नवऱ्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून तिने दुरूनच कडाकडा बोटे मोडली आणि दोर हातात घेतला. केयूर मित्राच्या गाडीत बसला. धनेश झूल गोळा करत होता, मान वर न करता.

गावापर्यंतची वाट तिने सावली-सावलीने, चार ठिकाणी थांबत काढली. पागेत आल्यावर शेवंती पाणी प्यायली. सरस्वती जरा टेकली, मग उठली, कात्री घेतली. आता आखायचे काही नव्हते. तिने छाती कापली, खांदे कापले, पाय खुरांपर्यंत कापले. आयाळीशी आली तेव्हा हात थांबला. अकरा पावसाळे तिने ही आयाळ विंचरली होती. मग तीही मुळाशी धरून कापली.

चार वाजता धनेश आला. दारातच उभा राहिला.

"टेम्पो उद्या सकाळी येतोय."

"येऊ दे."

"मग हे कशाला करत बसलीस?"

"उद्या सकाळपर्यंत तर गार र्‍हाईल." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "कानामागचं उरलंय. ती कान हलवते. जरा धर."

 धनेश चप्पल काढून आत आला आणि दोन्ही हातांनी त्याने शेवंतीचे कान अलगद धरले. कात्री चालू झाली. खाडीवरून वारा सुटला होता. तो लागला तशी शेवंतीच्या उघड्या मानेची कातडी थरथरली, आणि घोडीने सावकाश डोळे मिटले.