मोठ्या पायाचं माप

"अहो, उजव्या पायाचं माप कशाला घेताय? दुखणं डाव्याला आहे," नऊअकरांनी डॉक्टरीणबाईंना हटकलं.

"ऑपरेशन झालंच, तर डाव्याला याच मापाचा घट्ट मोजा घालायचाय, काका."

"कमाल आहे! आम्ही दुकानात कायम मोठ्या पायाचं माप धरायचो."

एकतीस वर्षं त्यांनी चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून काढली होती. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा नंबर त्यांना कळलेला असे. मग जांघेत कर्करोगाची गाठ निघाली. तिच्याबरोबर आसपासच्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागल्या. रोग गेला, पण पायातलं पाणी वर जायची वाट बुजली आणि डावा पाय सुजत गेला. उजव्यात नऊ नंबर, डाव्यात अकरा. दुकानातल्यांनी 'नऊअकरा' असं नावच ठेवून टाकलं. ते स्वतःही हसले होते.

चौदा वर्षं बायको रोज सकाळी तो पाय मांडीवर घेऊन पट्ट्या बांधायची. ती गेल्यावर ते स्वतःच बांधू लागले. वाकताना धाप लागायची, पट्ट्या सैल पडायच्या, दुपारपर्यंत घोट्याशी गोळा व्हायच्या. पाय ओंडक्यासारखा जड झाला, दुकान सुटलं. शेवटी लेकीनं बळंच इथे आणलं.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबून धरला. खळगा पडला नाही.

"पाणी वर नेणाऱ्या बारीक वाहिन्या शिरांना जोडतात म्हणे," लेक म्हणाली.

"त्या वाहिन्या अजून चालू असत्या, तर जोडल्या असत्या. दुसरीकडच्या ग्रंथी आणूनही बसवता येतात, पण त्यानं साठलेली चरबी जात नाही. आणि यांच्या पायात आता पाण्यापेक्षा चरबीच जास्त आहे. ती नळीनं ओढून काढू. पाय हलका होईल. मोजा मात्र रात्रंदिवस, जन्मभर. सोडलात की सूज परत."

"म्हणजे बांधून घेणं सुटत नाहीच?"

"नाही, काका."

जिना उतरताना ते कठड्याला धरून थांबले. "राहू दे गं. तो मोजा चढवणार कोण? तुला तुझं घर, नोकरी."

"मी चढवीन. कामावर जाता जाता येईन."

"रोज?"

"रोज. आई गेल्यापासून तुम्ही कोपऱ्यापर्यंत तरी गेलात का, बाबा?"

ते कठडा सोडून, तिचा खांदा धरून पुढची पायरी उतरले.

ऑपरेशन पार पडलं. त्यानंतर महिन्याभरानंतरची गोष्ट. सकाळी लेक रबरी हातमोजे घालून जमिनीवर बसली होती. मोजा पोटरीवर चढता चढत नव्हता. ती घामाघूम झाली होती.

"ओढू नकोस. तळहातानं सरकव. हां, अस्सं," ते म्हणाले. एवढी वर्षं ते लोकांच्या पायाशी बसले होते, आज खुर्चीत बसून शिकवत होते.

मग ते पायाकडे बघत राहिले. नडगी दिसत होती. गुडघ्याची वाटी दिसत होती.

"लग्न झालं तेव्हा माझा पाय असाच होता, काटकुळा. तुझी आई हसली होती. म्हणाली, या पायांवर तुम्ही उभे तरी कसे राहता?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उभा राहून दाखवलं."

लेकीनं मान वर केली नाही. टाचेवर मोज्याला एक चुणी पडली होती. चुणी सपाट झाली, तरी लेक तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली.