सहाच्या पुढचा आकडा

फिटरच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, आणि तो होता सहा. पाणी हवं असलं की सहा, पाठ दुखली की सहा, बायको दारात दिसली की सहा.

बास्केटबॉलच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मालिका नुकती सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. सातपैकी चार सामने जो संघ आधी जिंकेल तो पुढे, आणि दोन्ही संघ असे तोडीस तोड की डेपोच्या कँटीनमध्ये जो तो भविष्य सांगत सुटला होता. टायरवाला म्हणत होता, "सातव्यापर्यंत ताणलं जाणार आणि सातव्यात आपलं नाक कापलं जाणार." लंबू, म्हणजे डेपोतला सगळ्यांत बुटका ड्रायव्हर, म्हणत होता, "पाचात खेळ खलास." फिटर बसच्या पोटाखालून उठून हात पुसत आला आणि म्हणाला, "तुम्ही दोघंही येडे आहात. सहा." एवढं बोलून त्यानं चहाचा कप उचलला, तो उजव्या हातातून सुटला, आणि त्याच्यामागोमाग फिटरही खाली आला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. सहा तेवढा राहिला.

लंबू आणि टायरवाला रोज संध्याकाळी डेपोतून थेट हॉस्पिटलच्या वॉर्डात येत. भिंतीवरच्या टीव्हीवर सामना असला की खाटेच्या दोन्ही बाजूंना स्टुलं ओढून बसत.

"काय फिटर, किती?" लंबू विचारी.

"सहा."

"बघा वहिनी. जिभेवरून वारं गेलं, पण मालिकेची खबर शाबूत आहे."

वहिनी, म्हणजे फिटरची बायको, हसल्यासारखं करी. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री मारून ती तिथं येई, आणि येताना मनाशी एकच गोष्ट घोकत येई. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. पलीकडच्या इमारतीत माणसाला पुन्हा बोलायला शिकवणारा वॉर्ड होता. तिथं एक खाट रिकामी होणार होती. पण ज्याला सांगितलेलं कळतं, त्यालाच तिथं घेत.

"यांना कळतं हो," वहिनी म्हणाली होती.

"हात उचला म्हटलं तर कधी उचलतात, कधी उचलत नाहीत. आणि तो सहा म्हणजे अडकलेला शब्द आहे. टेपरेकॉर्डर अडकावा तसा. त्यामागे विचार असेलच असं नाही. एकदा जरी काही वेगळं दिसलं, तर मी त्यांच्यासाठी भांडेन."

त्या दिवसापासून वहिनी, जिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती मालिका बघायला लागली. पाच सामने झाले. आपले तीन, त्यांचे दोन. सहावा जिंकला की मालिका आपली, आणि फिटर खरा ठरणार. डेपो त्याला डोक्यावर घेणार. पण मग त्यातून काय सिद्ध होणार? अडकलेला शब्द लागू पडला, एवढंच. सहावा हरला तर मात्र गोष्ट वेगळी. मग सहा चुकीचा. मग कळत असलेल्या माणसाला सात म्हणावं लागणार.

म्हणून सहाव्या सामन्याच्या संध्याकाळी सगळा वॉर्ड देव पाण्यात घालून बसला होता आणि वहिनी एकटी आपलाच संघ हरावा म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती.

सामना अगदी शेवटापर्यंत गळ्याशी आला. आपण एका गुणानं पुढे. आपल्या चौदा नंबरवाल्याला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे कुणी आडवं न येता बास्केटमध्ये टाकायचे दोन चेंडू.

"हा डोळे मिटून टाकतो," लंबू म्हणाला.

"मिटूनच टाकणार," टायरवाला म्हणाला.

पहिला कड्यावर आपटून बाहेर आला. दुसराही. मग त्यांचा एक काडीपैलवान चेंडू घेऊन पळत गेला आणि भोंगा वाजता वाजता त्यानं बास्केट केली. तीन-तीन. वॉर्डातले लोक आपापल्या खाटांकडे वळले. टायरवाल्याचं भविष्य खरं व्हायला लागलं होतं, पण त्याचाही चेहरा पडला होता.

"बरं झालं," वहिनी म्हणाली.

लंबूनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती खाटेवर वाकली होती.

"अहो, किती? आता किती सामने होणार?"

"सहा," फिटर म्हणाला.

तिचे खांदे खाली आले. लंबूला राहवलं नाही. "सहा कुठला बाबा, सहावा हरलो की आपण. आता सातवा."

फिटरनं मान हलवली. नाही, नाही. ओठ गोळा केले, पुढे काढले, जबड्याची पार धडपड चालली. "सहा." पुन्हा मान हलवली. कपाळावर घाम आला. "सहा. सहा." आणि मग त्यानं डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर फाडकन मारला. पुन्हा मारला. चुकीचं बोलणाऱ्या पोराला मारावं तसा तो स्वतःच्याच तोंडाला मारत होता, ओठातून रक्त येईपर्यंत.

वहिनीला सगळं कळलं. तो आत होता, पुरता जागा होता. दाराला मात्र बाहेरून कडी होती.

नर्स धावत आली. "मारून घेतायत. हात बांधावा लागेल." कापडी पट्टीनं डावा हात खाटेच्या दांडीला बांधला. दोन्ही दोस्त माना खाली घालून निघून गेले.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं. चूक कळली म्हणूनच मारून घेतलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पट्टी सोडली, आणि म्हणाल्या, "काका, डावा हात वर करा."

रात्रभर बांधलेल्या हातानं पडून राहिलेला फिटर भिंतीकडे तोंड करून होता. तो हलला नाही.

"डोळे मिटा बघू."

तो भिंतीकडे बघत राहिला.

"असे पेशंट चिडतात, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चिडणं म्हणजे कळणं नव्हे." पलीकडच्या वॉर्डातली खाट दुसऱ्या कुणाला गेली. त्या गेल्यावर नर्सनं हात पुन्हा बांधला.

इतके दिवस वहिनी त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. एक घास घ्या, शाब्बास, शहाणे माझे. आता तिनं स्टूल ओढलं आणि घरात कामाचं बोलायची तशी बोलली.

"ऐका. ती खाट मिळाली नाही. आपल्याला घरी पाठवतायत. तिथं शिकवायला कुणी नाही, आणि मला ते येत नाही. तुम्हाला सगळं कळतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या म्हणण्याला इथं कुणी विचारत नाही."

त्यानं तोंड वळवून तिच्याकडे बघितलं.

"हात सोडते. पण मारून घ्यायचं नाही. घेतलंत तर परत बांधतील."

तिनं गाठ सोडली. त्यानं तिचं मनगट असं धरलं की तिची बोटं पांढरी पडली. मग त्याचं तोंड उघडलं. तोच सहा ओठांपर्यंत आलेला तिला दिसला. फिटरनं दात आवळले आणि तो आत गिळून टाकला.